तिएनशानचा ज्वालामुखी : होता की नव्हता?

कल्हईवाला तापलेल्या भांड्यात पांढरी पूड टाकतो आणि दाट धूर उठतो. ती पूड म्हणजे नवसागर. याच नवसागराने एकोणिसाव्या शतकात युरोपातील विद्वानांना एका ज्वालामुखीची ग्वाही दिली होती. मध्य आशियातील तिएनशान पर्वतात, कुचा शहराच्या उत्तरेस असलेला हा 'पेशान', म्हणजे पांढरा डोंगर.

त्याचा मोठा पुरस्कर्ता अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. १८२९ साली तो अल्ताई पर्वतापर्यंत गेला, पण तिएनशान त्याने पाहिला नाही. त्याचा आधार होता चिनी ग्रंथांची भाषांतरे आणि व्यापाऱ्यांनी सांगितलेल्या हकिकती. डोंगरातून आग व धूर निघतो, तेथे नवसागर मिळतो आणि एक स्निग्ध पदार्थ वाहत जाऊन थिजतो, तो औषधाला वापरतात, असे त्यांत म्हटले होते. व्हेसुव्हियसवरही नवसागर साचतो, तेव्हा तर्क सरळ होता.

या प्रश्नावर बरेच काही अवलंबून होते. समुद्राचे पाणी भूगर्भात झिरपल्यामुळे ज्वालामुखी जागे होतात, असे मत तेव्हा प्रचलित होते. पेशान समुद्रापासून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तो खरा ठरला, तर हे मत टिकणार नव्हते.

१८५६-५७ मध्ये रशियन प्रवासी प्योत्र सेमेनोव तिएनशानमध्ये शिरला. त्याने पाहिलेल्या भागात ज्वालामुखीचा मागमूस नव्हता. पुढे उलगडा झाला, की या प्रदेशातील असे 'धुमसते डोंगर' म्हणजे जमिनीखाली पेटलेले कोळशाचे थर आहेत. आपल्याकडे झरियाच्या खाणींत १९१६ पासून अशीच आग धुमसते आहे.

कोळसा जळताना त्यातील नायट्रोजनपासून अमोनिया बनतो. क्लोरीनशी संयोग होऊन तो वाफेच्या रूपात वर येतो आणि भेगांच्या तोंडाशी नवसागर होऊन साचतो. गंधकही जमतो. वरचा खडक भाजून लाल होतो, क्वचित वितळतोही. थिजणारा तो स्निग्ध पदार्थ बहुधा खनिज तेल असावे. लाव्हा कोणी औषध म्हणून घेत नाही!

मग खरा ज्वालामुखी ओळखायचा कसा? दगडावरून. सह्याद्रीतला लाव्हा थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली, तरी त्याचे थर घाटात कोणालाही दिसतात. पेशानच्या बाबतीत धूर होता, नवसागर होता. ताजा लाव्हा मात्र नव्हता.

तरीही हम्बोल्टची मूळ शंका रास्तच होती. ईशान्य चीनमधील वुदालियान्ची समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. १७१९ ते १७२१ या काळात तेथे खरोखर उद्रेक झाला आणि त्याचा काळा लाव्हा आजही पायाखाली लागतो. निष्कर्ष बरोबर होता, साक्षीदार तेवढा चुकीचा निवडला गेला.