फोटोत गाडी, गाडीमागे शहर

आमच्या घरात अण्णांचा एकच मोठा केलेला फोटो आहे. पुलाच्या कठड्याला टेकून ते उभे आहेत, हातात डबा, मागे खाली लोकल. १९९४ साली मीच तो मोठा करून घेतला, आणि स्टुडिओवाल्याला सांगितले, की कडेचे सगळे काढून टाक, फक्त अण्णा आणि गाडी ठेव. मला तेव्हा गाड्यांच्या फोटोंचे वेड होते. गाडी ठसठशीत दिसावी, आजूबाजूचा कचरा दिसू नये, ही माझी चांगल्या फोटोची व्याख्या होती. आई सांगायची, हा फोटो संपाआधीचा, अण्णा गिरणीत जात असतानाचा. दादा, माझा थोरला भाऊ, म्हणायचा, नंतरचा. दोघांकडेही पुरावा नव्हता. पुरावा होता तो मी स्टुडिओत कापायला लावला होता. पण हे कळायला मला पुढे वीस वर्षे लागली.

शहरातल्या रेल्वेचा फोटो हा उघड्या माळावरच्या रेल्वेच्या फोटोपेक्षा वेगळा प्रकार आहे. माळावर गाडी हाच विषय असतो. शहरात गाडी ही भिंती, तारा, पाट्या, गच्च्या आणि माणसे यांच्यामधून वाट काढत येते, आणि बहुतेक छायाचित्रकार त्या सगळ्याला अडथळा समजतात. आंद्रे केर्तेश या हंगेरियन छायाचित्रकाराने १९२८ साली पॅरिसजवळच्या मदाँ गावात काढलेला फोटो या बाबतीत पाहण्यासारखा आहे. उंच कमानींच्या पुलावरून वाफेची गाडी चालली आहे, खाली गल्लीत हॅट घातलेला एक माणूस कागदात गुंडाळलेले काहीतरी काखेत घेऊन आपल्याकडे येतो आहे. गाडी फोटोत फारच लहान आहे. ती काढून टाकली तर उरते एक साधी गल्ली, आणि गल्ली काढली तर उरते रेल्वेच्या पुस्तकातले चित्र.

मुंबईत असा फोटो काढायचा तर आधी सूर्याचा हिशेब करावा लागतो. पश्चिम रेल्वेचा मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण. सकाळी गाडीची पूर्वेकडची बाजू उजळते, संध्याकाळी पश्चिमेकडची, हे कोणालाही कळते. गाडीच्या तोंडाचे गणित मात्र ऋतूवर आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दुपारी चार-साडेचारला चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलचे तोंड सोनेरी होते आणि विरारकडे जाणारीचे सावलीत राहते. जूनमध्ये नेमके उलट. अर्थात जूनमध्ये सूर्य दिसला तर!

दुसरा हिशेब वेगाचा. ताशी साठ किलोमीटरने जाणारी लोकल एका सेकंदात साधारण सतरा मीटर जाते. कॅमेऱ्याचे शटर एक हजारांश सेकंद उघडले तर तेवढ्या वेळात गाडी पावणेदोन सेंटिमीटर सरकते आणि स्पष्ट उमटते. तीसांश सेकंद उघडले तर ती अर्ध्या मीटरहून जास्त सरकते. कडेने पाहिली तर खिडक्यांची रेघ होते. समोरून येणारी गाडी त्या मानाने कमी पुसट दिसते, म्हणून जुन्या साध्या कॅमेऱ्यांनी काढलेले बरे फोटो बहुधा पुलावरून किंवा वळणावरून घेतलेले असतात. आजच्या वेगवान शटरची अडचण वेगळीच. गाडीच्या कपाळावरचे एलईडीचे अक्षर फोटोत अर्धेच उमटते, कारण ते दिवे सतत पेटलेले नसतात, आळीपाळीने लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. आणि फ्लॅश कधीही वापरू नये. समोर मोटरमन बसलेला असतो. रुळांवर उतरणे तर गुन्हाच आहे; १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी तरुणपणी उतरलो आहे, त्याची आज लाज वाटते.

पण मला खरे शिकवले ते फोटो काढण्याने नाही, लोकांच्या पेट्यांतले जुने फोटो वाचण्याने. लोक मला विचारतात, हा कधीचा असेल हो? अशा वेळी गाडी थोडेच सांगते. पांढरी-जांभळी लोकल असेल तर फोटो २००७ नंतरचा, दारे बंद होणारी वातानुकूलित असेल तर डिसेंबर २०१७ नंतरचा. त्याआधीच्या तपकिरी-पिवळ्या गाड्या कृष्णधवल फोटोत एकसारख्याच दिसतात. तिथे परिसर कामाला येतो. एल्फिन्स्टन रोडची पाटी असेल तर फोटो २०१८ च्या जुलैनंतरचा नाही, कारण मग ती प्रभादेवी झाली. कडेच्या रस्त्यावर ट्राम असेल तर मार्च १९६४ च्या आतला. तारांवर लहान इन्सुलेटर असतील तर तो पंधराशे व्होल्टचा काळ, जो १९२५ साली सुरू झाला आणि हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये संपला. पंचवीस हजार व्होल्टला इन्सुलेटर लांब लागतात, आणि तारेच्या वर मोकळी जागाही जास्त लागते. त्या जागेपायी हँकॉक पुलासारखा जुना पूल २०१६ साली पाडावा लागला. आमची फोटो काढायची ठिकाणे अशी एकेक गेली. एल्फिन्स्टनचा पूलही सप्टेंबर २०२५ मध्ये बंद होऊन पाडायला घेतला. नव्या पुलांच्या कडेला डोक्याच्या वर पत्रे असतात.

आता अण्णांच्या फोटोकडे येतो. त्याची मूळ प्रत आत्याकडे निघाली, तिच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली. चौकोनी प्रत. आमच्या चाळीतल्या एका शेजाऱ्याकडे क्लिक थ्री कॅमेरा होता, त्याचे फोटो चौकोनीच यायचे. मी कापून उभा केला होता. त्या कॅमेऱ्याचे शटर साधारण तीसांश सेकंदाचे, तरी लोकल स्पष्ट आहे, म्हणजे ती थांबलेली किंवा रांगत असणार. अण्णांची सावली पायाशी गोळा झालेली आहे, म्हणजे सूर्य जवळजवळ डोक्यावर, आणि जी थोडी सावली आहे ती चर्चगेटच्या दिशेला, दक्षिणेला. मुंबईत माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते ती फक्त मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत. ऊन कडक, छत्री नाही, तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आधीचे दिवस धरायला हरकत नाही. मुंबईत माध्यान्ह घड्याळात साडेबारानंतर येते.

वर्ष मात्र यातून निघत नव्हते. पलीकडच्या चिमणीतून धूर दिसत नाही, पण एका क्षणाच्या फोटोत धूर नसणे हा काही पुरावा नव्हे. सुट्टीचा दिवसही असू शकतो. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. मी भिंग घेऊन बसलो. डाव्या कडेला, मी ज्या पट्टीवर कात्री चालवली होती तिथे, रेल्वेच्या भिंतीवर एक अर्धे फाटलेले सिनेमाचे पोस्टर आहे. त्यावर ‘धूमध’ एवढी अक्षरे आणि खाली हसणाऱ्या अशोक सराफांची हनुवटी. ‘धूमधडाका’ १९८५ चा.

आई तेव्हा हयात नव्हती. दादाला मी ती प्रत दाखवली, सगळा हिशेब समजावून सांगितला. अण्णांची गिरणी संपानंतर पुन्हा उघडलीच नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. आपणच बरोबर होतो म्हणून तो खूश होईल असे मला वाटले होते. त्याने फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला, मग डब्यावर बोट ठेवले.

“मग हा डबा घेऊन अण्णा रोज कुठे जायचे रे?”