एचडी टीव्ही घेताय? मग आधी हे समजून घ्या



घरात नवीन टीव्ही घ्यायचा ठरला की "कुठला घ्यायचा रे?" हा प्रश्न तुमच्याकडेच येतो, कारण घरात मोबाईलचं सगळं तुम्हालाच कळतं. मी नाशिकचा. इथे ओळखीच्या बऱ्याच घरांत एकच गोष्ट दिसते: भिंतीवर ४३ इंची नवाकोरा टीव्ही, पण चित्र धूसर. टीव्ही चांगलाच असतो, त्याला मिळणारा सिग्नल जुना असतो.

डिजिटल म्हणजे एचडी नव्हे

केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यात आपलं नाशिकही होतं. मुदत होती ३१ मार्च २०१३. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि पडद्यावरच्या मुंग्या गेल्या. पण बॉक्स डिजिटल असला तरी तो एचडी असेलच असं नाही. साधा, म्हणजे एसडी बॉक्स असेल तर चित्रही एसडीच दिसतं.

फरक किती?

टीव्हीवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं. त्यांना पिक्सेल म्हणतात.

- एसडी: ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख पिक्सेल
- एचडी रेडी: बहुतेक टीव्हींत १३६६ × ७६८, सुमारे साडेदहा लाख
- फुल एचडी: १९२० × १०८०, सुमारे २१ लाख
- फोर-के: ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख

म्हणजे एसडी चॅनल फुल एचडी टीव्हीवर लावला, की ४ लाख पिक्सेलचं चित्र ताणून २१ लाखांच्या जागेत बसवावं लागतं. मग धूसर दिसणारच!

एचडीचे फायदे

क्रिकेटचा चेंडू आणि स्कोअरची बारीक अक्षरं स्पष्ट दिसतात. चित्र १६:९ आकाराचं असल्याने पडदा पूर्ण भरतो. जुन्या ४:३ चित्रासारखे चेहरे ताणून जाडे दिसत नाहीत. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांचे एचडी चॅनलही आहेत, म्हणजे आईच्या मालिकांचीसुद्धा सोय झाली.

घेताना काय बघायचं?

१. खोक्यावर 'एचडी रेडी' लिहिलंय की 'फुल एचडी', ते नीट वाचा. दोन्ही एक नाहीत.

२. बसायचं अंतर मोजा. ४३ इंची फुल एचडीसाठी साधारण ६ फूट पुरतात. फार लांब बसणार असाल तर फोर-केचा फरक डोळ्यांना जाणवणारच नाही.

३. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या आणि पॅकमध्ये एचडी चॅनल आहेत का ते विचारा.

४. बॉक्स एचडीएमआय केबलनेच जोडा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही.

५. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर यूट्यूब बघणार असाल तर १०८०पी साठी साधारण ५ एमबीपीएस स्पीड लागतो. स्पीड कमी पडला की क्वालिटी आपोआप उतरते.

घरी टीव्ही आधीच असेल तर आज एकच काम करा: मागे वाकून कुठली वायर लावलीय ते बघा. पिवळी पिन दिसली आणि बॉक्स एचडी असला, तर एका एचडीएमआय केबलच्या खर्चात चित्र सुधारेल. नवीन टीव्हीचे हजारो रुपये वाचतील, ते वेगळंच!