शाळा, लॅब, ऑफिस, भाजी, दळण

'बायकांचं कुठं एवढं फिरणं असतं?' हे घराघरांत ऐकू येतं, आणि शहरांची वाहतूक आखतानाही तेच गृहीत धरलेलं दिसतं. सकाळी घरून ऑफिस, संध्याकाळी ऑफिसातून घर, एवढाच प्रवास खरा मानला जातो.

केंद्र सरकारची 2024 ची वेळवापर पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88. यातली कितीतरी कामं उंबऱ्याबाहेरची असतात. धाकट्याला बालवाडीत सोडायचं, तिथून सासूबाईंचे रिपोर्ट आणायला लॅबमध्ये जायचं, मग कामावर. येताना भाजी आणि गिरणीतून दळण. अंतर थोडं, पण टप्पे अनेक, आणि हातात कायम पिशवी नाहीतर मूल.

आता याचा हिशेब बघा. मुंबईत बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे 2025 मध्ये 5 वरून 10 रुपये झालं. दोन-दोन किलोमीटरचे तीन टप्पे बसने करणारीला 30 रुपये पडतात. तेच सहा किलोमीटर एका बसने सरळ जाणाऱ्याला 15. कोणी मुद्दाम केलेलं नाही हे, पण ज्यांच्यावर घरच्या चार कामांचा भार आहे त्यांनाच तो भुर्दंड पडतो. शिवाय तिची निम्मी कामं दुपारची, म्हणजे नेमकी गाड्यांच्या फेऱ्या विरळ असतात तेव्हाची.

'बायका जवळच्याजवळ जातात, कारण त्यांना तेच बरं वाटतं,' हा दुसरा समज. जागतिक बँकेच्या 2022 च्या अहवालानुसार भारतात 45.4 टक्के स्त्रिया कामावर चालत जातात. पुरुषांत हे प्रमाण 27.4 टक्के आहे. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला घरी पोचायचं असेल, तर पायी गाठता येईल तेवढ्याच अंतरात नोकरी शोधावी लागते, मग पगार कमी का असेना. याला आवड कसं म्हणायचं? बँकेच्याच मुंबईतल्या पाहणीत दिसलं की 2004 ते 2019 या काळात कामावर जाण्यासाठी पुरुष दुचाकीकडे वळले, तर स्त्रिया रिक्षा-टॅक्सीकडे. घरात एकच दुचाकी असली की किल्ली कोणाच्या खिशात असते, हे वेगळं सांगायला नको.

'बाई गाडी चालवतेय, जरा जपून!' 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत साधारण 86 टक्के पुरुष होते. रस्त्यावर आणि स्टिअरिंगमागे पुरुषच जास्त असल्याने यावरून स्त्रिया सरस ठरत नाहीत. पण सुमारे 71 टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता, आणि वेगाची ही हौस बायकांच्या माथी मारणं कठीण आहे.

एसटीतल्या अर्ध्या तिकिटाबद्दल तर सरसकट बोललं जातं: 'बायका उगाच हिंडायला लागल्या.' 17 मार्च 2023 पासून महिलांना 50 टक्के सवलत मिळते आणि तिची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. गाडीभाड्यासाठी घरात हात पसरावा लागत होता, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात जाणं पुढं ढकललेल्या बाईला ही सवलत उगाच वाटणार नाही. आणि माहेरी जाणं, बहिणीला भेटणं हा 'उगाच' प्रवास का ठरावा? पुरुषांच्या अशा फेऱ्यांचा हिशेब कोणी मागत नाही.

शेवटचा समज सुरक्षिततेचा: लेडीज डबा दिला की झालं. 5 मे 1992 रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर लेडीज स्पेशल सुरू झाली, आणि अशा गाड्यांनी लाखो जणींना नोकरी टिकवायला मदत केली. पण गाडीतून उतरल्यावर स्टेशनापासून घरापर्यंतचा अंधारा रस्ता उरतोच. जनरल डब्याला सर्रास 'जेंट्स' म्हणतात. नियमाने तो सगळ्यांचा आहे, पण त्यात चढलेल्या बाईकडे चुकून आल्यासारखं बघितलं जातं.

या भीतीची किंमत कुठवर जाते, हे अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठात तपासलं. तिथं रस्ता अधिक सुरक्षित वाटतो म्हणून मुली, हातात चांगल्या कॉलेजचा प्रवेश असतानाही, त्याहून कमी दर्जाचं कॉलेज निवडत होत्या. तेवढेच गुण मिळवलेली मुलं ही तडजोड फारशी करत नव्हती.