भिंतीवरची ओळख

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलच्या भिंतींवर वारली चित्रं काढायची टूम निघते. गोल, त्रिकोण आणि रेघ जमली की झालं. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगपेक्षा कटकट कमी! पण मित्रांनो, हे चित्र नुसती सजावट नाही. त्यामागे सांगण्यासारखं काहीतरी असतं, आणि ते सांगितलं-ऐकलं तर परकी माणसंही जवळ येतात.

डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. काढणाऱ्या सवाशिणी, मध्ये पालघट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असते. म्हणजे चित्र आणि गोष्ट एकत्रच.

आता मिथिलेत चला. तिथेही लग्नात बायकाच भिंत रंगवतात. तिला कोहबर म्हणतात. बांबू, कमळ, मासे असं सगळं त्यात येतं. या दोन्ही भिंतींना जोडणारा माणूस मराठी होता, भास्कर कुलकर्णी. 1966-67 च्या दुष्काळात त्यांनी मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद दिला, म्हणजे चित्रं विकून चार पैसे मिळतील. पुढे 1970 च्या दशकात ते वारली पाड्यांवर पोचले. तिथे त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. लहानपणी आई गेल्यावर मशे यांचं बोलणंच थांबलं होतं, तेव्हा ते धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगत. त्याच माणसाची चित्रं 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराच्या कामाशेजारी लागली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. 2011 मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. जपानात तोकामाची इथे तर मिथिला म्युझियमच आहे, आणि वारली चित्रंही तिथे आहेत.

एवढ्या लांब कशाला? माझा रूम पार्टनर मधुबनीकडचा. पहिले तीन महिने आमचं बोलणं म्हणजे "लाईट बंद कर" आणि "पंखा कमी कर". मेसमध्ये तो एकटाच बसायचा, घरी परत जायच्या गोष्टी करायचा. एकदा माझ्या जर्नलच्या मागे काढलेला चौक त्याने पाहिला आणि म्हणाला, "ये तो हमारे यहाँ भी होता है. लेकिन हम बनाते नहीं, लिखते हैं." मग त्याने कोहबर काढला, आणि बहिणीच्या लग्नात कोण रुसलं, कोण नाचलं ते रात्री दोनपर्यंत सांगत बसला. त्यानंतर तो घरी जायचं बोलला नाही.

तेव्हा या वर्षी नेटवरून छापील डिझाइन उतरवण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या गावच्या लग्नातली किंवा सणातली एकच गोष्ट भिंतीवर काढावी आणि शेजारी उभं राहून ती सांगावी. मेसचे मामा, वॉचमन काका, रेक्टर सर, सगळ्यांनी. चित्र वाकडं आलं तरी चालेल. हात आपला आणि गोष्ट आपली हवी. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश कॉमन रूममध्ये ठेवलाय.