दुर्गम मार्गावरील मोटारगाडी : टायर, आस व निलंबन यांचा अन्योन्यसंबंध

रस्ता सोडून खडकाळ वा चिखलट भूमीवर चालवावयाच्या गाडीत सुधारणा करू इच्छिणारा मनुष्य बहुधा टायरपासून आरंभ करतो. हा क्रम चुकीचा नाही. कारण आसाच्या मध्यभागी असलेली डिफरन्शियलची पेटी हा गाडीचा सर्वांत सखल भाग असतो, आणि तो वर उचलण्याचा मोठ्या टायरवाचून सोपा मार्ग नाही. स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी त्यांनी केवळ सांगाडा वर जातो, आस होता तेथेच राहतो. ही साधी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

अमेरिकेतील जीप रँग्लर या गाडीचे उदाहरण घेतल्यास या विषयातील यांत्रिकी स्पष्ट होते. २००३ साली निघालेल्या तिच्या ‘रुबिकॉन’ आवृत्तीच्या टायरवर २४५/७५ आर १६ असे माप असे. त्यावरून हिशेब केल्यास व्यास सुमारे ३०.५ इंच येतो. त्याजागी ३५ इंची टायर बसविला, तर आसाखालची मोकळीक व्यासवृद्धीच्या निम्मी, म्हणजे सव्वादोन इंच वाढते. लाभ एवढाच. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र अनेक ठिकाणी विखुरलेली असते.

पहिली गोष्ट दंतचक्रांच्या गुणोत्तराची. या गाडीचे आसातील गुणोत्तर ४.१० होते. टायर मोठा झाल्यावर ते परिणामी ३.५७ इतके उतरते. इंजिनाला पूर्वीइतकेच कार्य करण्यास अधिक कष्ट पडतात. मूळ स्थिती परत आणण्यास ४.७० च्या आसपास गुणोत्तर हवे, आणि उपलब्ध संचांतून ४.५६ किंवा ४.८८ यांपैकी एक निवडावे लागते. वेगमापक दुरुस्त न केल्यास तो ६० दाखवीत असता गाडी जवळजवळ ६९ च्या वेगाने धावत असते. ब्रेकचे परिबल तेच राहते, पण त्रिज्या वाढल्याने जमिनीवर लागणारे रोधबल सुमारे १३ टक्के घटते.

आसदंडाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. आसदंड मोडतो तो इंजिनाच्या जोराने, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मर्यादा घालतो तो टायर. २००५ व २००६ च्या सहा गिअरी रुबिकॉनमध्ये पहिला गिअर ४.४६, ट्रान्सफर केस ४ व आस ४.१० यांचा गुणाकार ७३ होतो. इंजिनाचे २३५ फूट-पौंड परिबल त्याने गुणिले, तर हानी वगळता १७ हजारांवर आकडा जातो. आता गाडीचा भार ४,००० पौंड व घर्षणांक ०.८ मानू. तेव्हा ३०.५ इंची टायर चारही चाकांवर मिळून सुमारे ४,०७० फूट-पौंडांपलीकडे परिबल पेलूच शकत नाहीत; ते आधीच घसरतात. ३५ इंची टायरांसाठी हाच आकडा ४,६७० होतो. म्हणजे टायर हा एक प्रकारचा संरक्षक दुवा आहे, आणि तो मोठा करताच दंडावर पडणारा कमाल ताण त्याच प्रमाणात वाढतो. त्यात डिफरन्शियल कुलूपबंद असून एक चाक अधांतरी असेल, तर त्या आसाचे सर्व परिबल एकाच दंडावर येते.

दंडाचे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. रँग्लरच्या साध्या आवृत्तीतील ‘डेना ३५’ या मागच्या आसाच्या दंडाचा व्यास १.१८ इंच, तर ‘डेना ४४’ चा १.३१ इंच. फरक दिसण्यात क्षुल्लक, परंतु पोलाद एकाच प्रतीचे असल्यास दुसरा सुमारे ३७ टक्के अधिक बळकट ठरतो. शिवाय डेना ३५ मध्ये दंड आतल्या टोकाशी एका लहान खाचकडीने अडकविलेला असतो. तो मोडला तर चाक दंडासह बाहेर निघू शकते. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपच्या मागच्या आसात गाडीचा भार दंडावर नव्हे, तर बाह्य नळीवर असे, व दंड तुटूनही चाक जागेवर राही. जुन्या रचनेचे हे शहाणपण विसरण्याजोगे नाही.

निलंबनाकडे वळावयाचे ते मुख्यतः मोठा टायर चाकाच्या कमानीस घासू नये म्हणून. १९९७ च्या टीजे आवृत्तीपासून रँग्लरमध्ये पानपट्ट्यांच्या जागी गुंडाळी-स्प्रिंगा आल्या. आसाची जागा आता दुवे व एक आडवा दंड राखतात. या आडव्या दंडाचे एक टोक सांगाड्याला व दुसरे आसाला जोडलेले असल्याने सांगाडा उचलताच आस एका बाजूस सरकतो. मागील चालकदंडाचा कोनही तीव्र होतो. साध्या सार्वत्रिक सांध्याने जोडलेला दंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंद-शीघ्र होतो. दोन्ही टोकांचे कोन समान असले तरच ही विषमता परस्परांस छेदते. म्हणून दुहेरी सांध्याचा दंड घालून आसाचे तोंड वर वळवावे लागते. केवळ उंच स्प्रिंगांचा संच विकत घेणाऱ्यास ही कामे मागाहून, गाडी थरथरू लागल्यावर, समजतात.

सर्वांत गंभीर परिणाम स्थैर्यावर होतो. चाकांमधील अंतर ५८ इंच व गुरुत्वमध्याची उंची २८ इंच धरल्यास स्थिरतेचे गुणोत्तर, म्हणजे अंतर भागिले दुप्पट उंची, १.०४ येते. टायर व स्प्रिंगा मिळून गाडी ४ इंच वर गेली की ते ०.९१ वर घसरते. हमरस्त्यावर अकस्मात वळण घेताना हा फरक प्राणघातक ठरू शकतो. भारतात तर हा विषय कायद्याच्याही कक्षेत येतो : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलांत बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. नाशिक येथे तयार होणाऱ्या थारसारख्या गाडीच्या मालकाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या नोंदणीपत्रातील तपशील वाचावेत, हे त्यामुळे ओघानेच आले.