पुरळ कोणते, ते वयावरून कळते

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा काय, किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव काय, तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावर पुरळ दिसले की घरात बहुधा एकच निदान होते: उष्णता उठली. वैद्यकशास्त्र मात्र आधी बाळाचे वय विचारते. आणि रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशा कार्यकर्ती ज्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन पाहते, त्या सहा भेटींत या पुरळांचा बहुतेक क्रम योगायोगाने सामावतो.

तिसऱ्या दिवशी नाकावर दिसणारे राजगिऱ्याएवढे पांढरे ठिपके, म्हणजे मिलिया, हे पुवाचे नसतात. केराटिन हे त्वचेतील प्रथिन सूक्ष्म पिशव्यांत साठल्याने ते उठतात आणि काही आठवड्यांत विरतात. त्याच सुमारास येणारे एरिथिमा टॉक्सिकमचे लाल चट्टे, मध्ये पिवळसर पुटकुळी असल्याने भीतिदायक वाटले तरी, एका जागी मावळून दुसरीकडे उठतात आणि एकदोन आठवड्यांत आपोआप जातात. तिसऱ्या आठवड्यात गालांवर येणाऱ्या पुटकुळ्यांमागे त्वचेवर सर्वांच्याच वसणारी, तिथल्या स्निग्धांशावर जगणारी मालासेझिया ही बुरशी असावी असे मानले जाते. अशा वेळी चेहऱ्यावर तेल थापणे शहाणपणाचे नव्हे.

घामोळ्याला मात्र असे वेळापत्रक नसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडत असताना बाळंतिणीच्या खोलीत शेगडी धगधगत असते आणि बाळ कुंचीत, दुपट्यात गुंडाळलेले असते. अपरिपक्व घर्मनलिका तुंबून घाम त्वचेतच अडकतो आणि कपाळावर, मानेवर बारीक पुरळ उठते. त्यावर डाळीचे पीठ चोळल्याने नाजूक त्वचा सोलवटते, तर दुकानातून विचारून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने लाली झटपट ओसरते, पण वापर लांबल्यास त्वचा पातळ होते. कुंची काढणे आणि वारा लागू देणे हाच इथे उपचार, आणि आजीबाईंना तोच पटवणे सर्वांत अवघड.

याउलट पुवाने भरलेले दहा किंवा अधिक फोड, मोठे गळू, ताप किंवा दूध न ओढणे यांपैकी काहीही आढळल्यास बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते.

एक्झिमा, म्हणजे कोरडा, खाज आणणारा त्वचादाह, बहुधा दोन-तीन महिन्यांनंतर, नाक सोडून दोन्ही गालांवर दिसतो आणि बाळ कडेवर घेणाऱ्याच्या खांद्याला गाल घासत राहते. तोवर आशाच्या सहाही भेटी संपलेल्या असतात आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या पुढील गृहभेटींपैकी पहिली तिसऱ्या महिन्यात असते.