भंगारातलं ॲल्युमिनियम आणि अडकलेला लोखंडी स्क्रू



सिहोऱ्यात काय किंवा तुमच्या गावात काय, घरोघरी 'जर्मन'चे फुटके गंज, जुने कुकर, पंख्याची बॉडी भंगारात निघते. जर्मन म्हणजेच ॲल्युमिनियम. त्यात लोखंडी स्क्रू राहिला की भाव पडतो. असं का, हे मुलांना जरूर सांगा.

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, लोखंड १५३८ ला. तरीही भट्टीत राहिलेला स्क्रू त्या रसात हळूहळू विरघळतो. एकदा मिसळलेलं लोखंड वेगळं काढणं फार अवघड, आणि धातू ठिसूळ होतो. म्हणून स्क्रू आधीच काढायचा. चुंबक फिरवा, लोखंड कुठे आहे ते लगेच कळतं.

स्क्रू अडकतो का?

क्रियाशीलता श्रेणीत ॲल्युमिनियम लोखंडाच्या वर आहे. ओलावा मिळाला की दोन्ही धातूंचा छोटासा विद्युतघट बनतो, ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड आट्यांत गच्च बसते.

काढायचा कसा?

१. मापाचाच पेचकस घ्या. आट्यांत तेल सोडून रात्रभर ठेवा. डोक्यावर हलके ठोके द्या. आधी किंचित आवळा, मग सैल करा.

२. नाही निघाला तर तेल पूर्ण पुसून भाग गरम करा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे छिद्र सैल होतं. "तापवल्यावर छिद्र लहान होईल की मोठं?" असं वर्गात विचारा. बरीच मुलं 'लहान' म्हणतील. मग बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवून का चढवतो, ते आठवायला सांगा.

३. डोकं तुटलं असेल तर मधोमध पंच मारून ड्रिलने पोखरा.

४. बारीक तुकडा आत राहिला तर तुरटीच्या गरम, दाट द्रावणात काही तास ठेवा. लोखंड विरघळत जातं, ॲल्युमिनियमवर फारसा परिणाम होत नाही. भांडं काचेचं घ्या, लोखंडी नको.

हे मात्र टाळा

कॉस्टिक सोडा वापरू नका. तो ॲल्युमिनियमच खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सोडतो. तापवणं आणि ड्रिल मोठ्यांनीच करावं, तेही चष्मा लावून. घरी धातू वितळवायचा तर विचारही नको. रसाखाली पाणी अडकलं तर स्फोट होतो.

मुलांच्या हाती फक्त चुंबक, पेचकस आणि प्रश्न द्या. एका स्क्रूतून गंजणं, प्रसरण आणि क्रियाशीलता असे तीन पाठ होतात, आणि भंगाराला भावही चांगला मिळतो.